गुराब, सुहैली, म्हादेई : बोटीची मापे वाचताना

वढू बुद्रुकला भीमेकाठी संभाजी महाराजांच्या समाधीपाशी उभे राहिल्यावर समुद्र आठवतोच असे नाही. पण 1682 साली जंजिऱ्याच्या सिद्दीला वेढा घालून राजपुरीच्या खाडीवर उभा राहिलेला राजा हाच. मराठी आरमाराबद्दल आपण बोलतो ते बहुधा संख्येच्या भाषेत : गलबते किती, तोफा किती. ती घडणीने कशी होती आणि तशीच का होती, हा प्रश्न मागे राहतो. त्याचे उत्तर बखरींपेक्षा मापांत अधिक सापडते.

अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहास लिहिणाऱ्या रॉबर्ट ऑर्मने आंग्र्यांच्या काळातल्या गुराबांचे वर्णन केले आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची तीनशेच्या आसपास. लांबीच्या मानाने रुंदी पुष्कळ, आणि बूड पाण्यात अगदी थोडे. एवढ्यावरूनच तिचा स्वभाव सांगता येतो. बूड उथळ म्हणजे खाडीत शिरता येणार आणि मागून येणारे खोल बुडाचे इंग्रजी जहाज तोंडाशीच अडकणार. रुंदी भरपूर म्हणजे तोफ उडाली तरी बोट फारशी कलणार नाही. पण पाण्याखाली खोल अंग नसल्याने वारा तोंडावर आला की ती आडवी सरकत जाणार. ऑर्मने तिच्या जोडीच्या गलबतांना चाळीस-पन्नास वल्ही असल्याचे नोंदले आहे, ते उगीच नाही. गुराब वाईट बोट नव्हती. ती कोकणकिनाऱ्याची, पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवायची बोट होती.

खुल्या महासागरात जायचे तर हिशेब बदलतो. इथे दुसरे उदाहरण घेऊ, तेही मुंबईचेच. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण ब्रिटिश दर्यावर्द्याने 1960 नंतरच्या काही वर्षांत मुंबईत सागवानाची एक बोट बांधून घेतली. तिचे नाव सुहैली. लांबी 32 फूट, रुंदी 11 फूट, वजन नऊ-दहा टन. 14 जून 1968 ला तो इंग्लंडहून एकटा निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून 22 एप्रिल 1969 ला परतला. त्या शर्यतीत नऊ जण निघाले होते. पूर्ण करणारा हा एकच, आणि बोट अगदी संथ.

ती किती संथ, हे आधीच सांगता आले असते. बोट चालते तेव्हा नाळेपाशी एक लाट उठते. वेग वाढतो तशी ती लाट लांब होते. लाटेची लांबी बोटीच्या पाण्यालगतच्या लांबीएवढी झाली, की बोट स्वतःच्याच लाटेचा चढ चढू लागते. मग कितीही शीड लावा, वेग फारसा वाढत नाही. ही मर्यादा काढायची रीत सोपी आहे : पाण्यालगतची लांबी फुटांत घ्या, तिचे वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा. सुहैलीची ही लांबी 28 फूट; मर्यादा येते सुमारे 7 नॉट. प्रत्यक्षात तिने 312 दिवसांत तीस हजार सागरी मैल कापले, म्हणजे सरासरी चार नॉट. आखूड लांबीवर एवढे वजन असल्यावर हलक्या वाऱ्यात बोट जागची हलायलाच वेळ घेते.

आता गोव्याची म्हादेई. आराखडा हॉलंडच्या व्हॅन डी स्टाड यांचा, बांधणी दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांची. 2009 मध्ये ती नौदलात आली. लांबी 56 फूट, रुंदी सुमारे 5 मीटर, वजन सुमारे 23 टन. पाण्यालगतची लांबी हिशेबासाठी 50 फूट धरू. मर्यादा येते साडेनऊ नॉट. 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी यांनी तिच्यातून एकट्याने, न थांबता प्रदक्षिणा केली : सुमारे 23 हजार मैल, सुमारे 150 दिवस. सरासरी साडेसहा नॉटच्या जवळ.

वेगाचे गणित असे बरेचसे जुळते. सुरक्षिततेचे मात्र वाकडे आहे, आणि नवख्या माणसाची फसगत होते ती इथे. रुंद बोट सुरुवातीला कलत नाही म्हणून सुरक्षित वाटते. पण पाण्यावर परात ठेवून पाहा. ती सहजी कलंडत नाही हे खरे. एकदा पालथी झाली की तशीच सुखाने तरंगत राहते. बोटीला पुन्हा सरळ करते ते तळाशी घातलेले वजन, आपल्याकडचा जुना शब्द नीरम. 1979 च्या फास्टनेट शर्यतीत वादळाने 15 शर्यतपटूंचा बळी घेतला, आणि त्यानंतर रुंदी व वजन यांची सांगड घालणारा एक आकडा रूढ झाला. वजन पौंडांत घ्यायचे, 64 ने भागायचे, घनमूळ काढायचे आणि फुटांतल्या रुंदीला त्याने भागायचे. उत्तर 2 च्या आत हवे. सुहैलीचे येते 1.6 च्या आसपास, म्हादेईचे पावणेदोनच्या वर. म्हणजे या कसोटीवर सुहैलीच सरस!

पण या सूत्रात लांबी कुठेच नाही. फास्टनेटनंतर इंग्लंडमध्ये प्रतिकृतींवर ज्या चाचण्या झाल्या, त्यांत दिसले की फुटणारी लाट आडवी आदळली आणि तिची उंची बोटीच्या लांबीच्या साठ टक्क्यांएवढी असली, तर जवळपास कुठलीही बोट उलटते. 32 फुटी बोटीला त्यासाठी 19 फुटांची लाट पुरे. 56 फुटीला 34 फुटांची लागते. दक्षिण महासागरात पहिली नित्याची आहे. वरचे सूत्र सांगते ते एवढेच, की उलटलेली बोट पुन्हा सरळ व्हायला किती तयार आहे. ती उलटणारच नाही असे ते म्हणत नाही.

सुहैलीही त्या प्रवासात वादळात आडवी झाली होती. केबिनचा सांगाडा जागचा हलला, पण ती सरळ झाली. 2018 मध्ये टॉमी तिच्याच आराखड्यावर गोव्यात बांधलेली ‘तुरीया’ घेऊन गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. सप्टेंबरमध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने तिला लोळवले. बोट सरळ झाली, सूत्राने सांगितले होते तशी. मात्र डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच मासेमारी-गस्ती जहाजाने त्यांना उचलले. आकडा बोटीबद्दल होता, आतल्या माणसाबद्दल नव्हता.

नौदलाला दुसरी प्रदक्षिणा-बोट हवी होती तेव्हा नवा, अधिक वेगवान आराखडा निवडता आला असता. त्यांनी म्हादेईचाच आराखडा दांडेकरांकडे पुन्हा दिला. त्यातून ‘तारिणी’ झाली, आणि सप्टेंबर 2017 ते मे 2018 या काळात नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातून केप हॉर्नला वळसा घालून गोव्याला परतल्या.