हॉल्टिंगचा रकाना

रुईची एक गठाण १७० किलोंची असते. दाबून बसवलेली, पट्ट्यांनी आवळलेली, कापडात शिवलेली, अंगावर लॉटचा नंबर. दोन हमाल दोन्ही बाजूंनी आकडे रुतवतात, तिसरा पाठ लावून रेटतो. आकडा कापडात रुतवायचा, पट्टीत अडकवायचा नाही, हे नव्या पोराला पहिल्याच दिवशी दरडावून सांगतात. पट्टी तुटली तर आत कोंडलेली रुई उसळते आणि पट्टीचं टोक थेट तोंडावर येतं. अशा शंभर गठाणी चढल्या की सतरा टन माल होतो. मग ताडपत्री, मग दोरखंड. हमालाने मारलेली गाठ ड्रायव्हर पुन्हा स्वतः ओढून बघतोच.

खामगावात ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी काही वर्षं बिल्ट्या, म्हणजे गाडीत भरलेल्या मालाच्या पावत्या, फाडल्या. ३१ डिसेंबर २०२३ची संध्याकाळ माझ्या पक्की लक्षात आहे. जिनिंगमधून न्हावाशेव्यासाठी गाडी भरली, काटा झाला, बिल्टी आणि मालवाहतुकीचं ई-वे बिल ड्रायव्हरच्या हातात दिलं. पहाटे नांदुरा, मलकापूर, भुसावळ करत जुन्या सहा नंबरच्या महामार्गाने धुळ्याकडे निघायचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी चक्का जाम. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद नव्या न्याय संहितेत आली होती, त्याविरुद्ध देशभर ड्रायव्हर उतरले होते. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि वर्तमानपत्रांनी त्या रांगांचेच फोटो छापले. भरून उभ्या राहिलेल्या गाड्यांकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

आमचा ड्रायव्हर केबिनच्या सावलीत स्टोव्हवर खिचडी टाकून बसला होता. मी म्हटलं, दोन दिवसांचाच तर प्रश्न आहे. तो म्हणाला, “उभ्या गाडीले डिझल लागत नाही भाऊ, पण हप्ता लागतेच ना.”

त्याच दिवसांत समुद्रावरही वाट अडली होती. नोव्हेंबर २०२३पासून हूती बंडखोर लाल समुद्रात जहाजांवर हल्ले करत होते. युरोपकडे जाणारी जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली, दहा-पंधरा दिवसांची भर पडली, भाडी चढली, रिकामे कंटेनर वेळेवर परतेनात. समुद्रापारच्या घडामोडींची झळ खामगावच्या कापसाला लागणं नवं नाही. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्या वऱ्हाडाकडे वळल्या. सुएझ कालवा १७ नोव्हेंबर १८६९ला खुला झाला. त्यानंतर चारच महिन्यांनी, मार्च १८७०मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते जलंब-खामगाव हा रेल्वेचा जेमतेम १३ किलोमीटरचा फाटा सुरू झाला. तो फाटा कापसासाठीच टाकला होता. या गावाचा कापूस दीडशे वर्षांपासून त्या कालव्याला बांधलेला आहे. पुढे ऑगस्ट २०२४मध्ये बांगलादेशात सत्ता उलथली, सीमेवरचं पेट्रापोलचं फाटक काही दिवस बंद पडलं, तेव्हाही रुईच्या व्यापाऱ्यांचा जीव टांगणीला लागला. आपल्या रुईचा तो देश मोठा गिऱ्हाईक.

जहाज बंदरात अडकलं की त्याचे पैसे दिवसागणिक मोजले जातात. कंटेनर उशिरा परत दिला तर त्याचाही दर ठरलेला असतो, आणि तो वसूल होतोच. ट्रकच्या खोळंब्याला मात्र आमच्याकडे फक्त एक शब्द आहे, हॉल्टिंग. कित्येक बिल्ट्यांवर त्याचा रकानाही छापलेला असतो. मी हजारो बिल्ट्या लिहिल्या; तो रकाना भरल्याचं मला दहा वेळाही आठवत नाही. हिशेबाला बसलं की व्यापारी ट्रान्सपोर्टवाल्याकडे बोट दाखवतो, ट्रान्सपोर्टवाला व्यापाऱ्याकडे, आणि ड्रायव्हर तेवढ्यात पुढचं भाडं शोधायला गेलेला असतो. हा सरळ अन्याय आहे, आणि त्यात माझाही हात होता, कारण पेन माझ्याच हातात होतं.

२ जानेवारीच्या रात्री दिल्लीत बोलणी झाली, ती दहा वर्षांच्या शिक्षेची तरतूद लगेच लागू होणार नाही असं सरकारने सांगितलं. ३ तारखेला सकाळी गाडी सुटायची होती. ई-वे बिलाला दोनशे किलोमीटरला एक दिवस मिळतो. आमचं अंतर पाचशेच्या आसपास, म्हणजे तीन दिवस, आणि मुदत त्याच रात्री संपणार होती. वाढवून घ्यायची तर संपण्याच्या आठ तास आधी किंवा आठ तास नंतर. ते मी त्याला समजावत होतो, तेवढ्यात त्याने बिल्टी उलटी करून माझ्यासमोर धरली. “गाडी कवा भरली अन् कवा सुटली, एवढं लिहून द्या.”

ताडपत्रीवरचं दव अजून ठिबकत होतं. मी लिहिलं: भरली ३१-१२, संध्याकाळी सहा. सुटली ३-१, सकाळी साडेसात. खाली सही केली. शिक्का मारायला मालकाने नाही म्हटलं. ड्रायव्हरने कागदाची घडी घातली, प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवली, पिशवी काचेवरच्या फळीमागे खोचली आणि गाडीला सेल मारला.