उधाणाचा पंचनामा होतो, खाऱ्या पाण्याचा नाही

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघालं की मुर्धा, राई आणि मग मोरवा गाव लागतं. या पट्ट्यात मिठागरं, खाजण आणि तिवरांची दाटी. ओहोटीला चिखलाकडे जरा वाकून पाहा. पेन्सिली उलट्या रोवाव्यात तशा बोटभर मुळ्या वर आलेल्या दिसतात. चिखलात हवा नसते, म्हणून तिवर असा वरून श्वास घेतो. भरतीचं पाणी या दाटीतून वाट काढत येतं आणि त्याचा बराचसा जोर तिथेच मोडतो.

या किनारपट्टीवर तिवरांचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं: "सातबारा आमचा, तिवर आपोआप उगवले. तोडायला परवानगी कशाला?" मुंबई उच्च न्यायालयाने 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात याचं उत्तर दिलं आहे. जमीन खासगी असो वा सरकारी, कांदळवन, म्हणजे तिवरांचं वन, तोडता येणार नाही, त्याभोवतीच्या 50 मीटरच्या पट्ट्यात बांधकाम नाही आणि भरावही नाही. सातबारा मालकी दाखवतो, तोडायचा हक्क देत नाही.

पण याच निकालात सार्वजनिक हितासाठी एक दार उघडं ठेवलं आहे. त्यातूनच डिसेंबर 2022 मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे 22 हजार तिवर तोडायला न्यायालयाने परवानगी दिली. बांध फुटला, खारं पाणी भातशेतीत शिरलं आणि मागोमाग तिवर उगवले, तर त्या शेतकऱ्याला हे दार ठोठावणं जमत नाही. कायदा दुजाभाव करतो असं लोक म्हणतात. तो सगळाच गैरसमज आहे, असं मी म्हणणार नाही.

दुसरी समजूत शिकलेल्यांत जास्त आढळते: भारतात हवामानबदलाचा कायदाच नाही. त्या नावाचा स्वतंत्र कायदा नाही, हे खरं. 2008 चा राष्ट्रीय कृती आराखडा हे धोरण आहे, कायदा नव्हे. पण 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आहे, त्याखाली किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, अधिसूचना आहे. शिवाय 21 मार्च 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या कलम 14 आणि 21 मध्ये असल्याचं मान्य केलं. गंमत अशी, की खटला विजेच्या तारांना धडकून मरणाऱ्या माळढोक पक्ष्याचा होता. या तारा जमिनीखालून नेण्याचा आधीचा व्यापक आदेश याच निकालाने सैल केला. माणसाला हक्क मिळाला, माळढोकाच्या डोक्यावर तारा राहिल्या.

खटला म्हणजे दिल्लीच्या फेऱ्या आणि लाखांचा खर्च, हीही भीती असते. राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. भरपाई मागायची नसेल तर अर्जाचं शुल्क 1,000 रुपये. वकिलाचा खर्च वेगळा, पण खरी अडचण मुदतीची. वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, फार तर आणखी 60 दिवस मिळतात. भरपाईसाठी पाच वर्षं असतात. रात्रीत टाकलेल्या भरावाला तारीख असते. दरसाल वीतभर पुढे येणाऱ्या खाऱ्या पाण्याचा पहिला दिवस कोणता धरायचा?

समुद्र चढेल तशी सीआरझेडची रेषाही मागे सरकेल, असंही अनेकांना वाटतं. ती मंजूर नकाशावरच्या भरतीरेषेपासून मोजतात, गेल्या पावसाळ्यात पाणी कुठवर आलं त्यावरून नाही. 2011 च्या अधिसूचनेत समुद्रपातळीची वाढ आणि किनाऱ्याची झीज धरून 'धोक्याची रेषा' आखायची सोय होती. 2019 मध्ये ती बांधकामाच्या नियमांपासून तोडून आपत्ती नियोजनापुरती ठेवली. त्याच वर्षी खाडीकाठचा निर्बंधाचा पट्टा 100 मीटरवरून 50 वर आला. धोका वाढत असताना पट्टा निम्मा व्हावा, हे मला अजून पटलेलं नाही.

परदेशातून पैसे येतील, ही आशा मात्र लवकर सोडलेली बरी. हानी आणि नुकसानीसाठीचा निधी 2022 मध्ये शर्म अल-शेखला ठरला आणि 2023 मध्ये दुबईत सुरू झाला. पण पॅरिस करारासोबतच्या ठरावात स्पष्ट लिहिलं आहे, की हानीविषयीच्या कलमावरून कुणावर दायित्व किंवा भरपाई लादता येणार नाही. पॅसिफिक बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी 2019 मध्ये सुरू केलेली आणि वानुआतूने उचलून धरलेली मागणी आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेली. 23 जुलै 2025 ला त्या न्यायालयाने सांगितलं, की हवामान राखणं हे राष्ट्रांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडलं तर भरपाईची वेळ येऊ शकते. हे मत सल्ल्याचं आहे, बंधनकारक नाही. तरी उद्याच्या खटल्यांत वकील ते उघडून बसतील, यात शंका नाही.

आणि पंचनामा? नुकसान झालं की सरकार भरपाई देतंच, ही समजूत सर्वांत जुनी. मदत ठरलेल्या आपत्तींसाठीच मिळते. चक्रीवादळ केंद्राच्या यादीत आहे, समुद्राचं उधाण राज्याच्या यादीत आहे. पिकाचं 33 टक्के किंवा जास्त नुकसान झालं तर मदत मिळते. घर पूर्ण पडलं, अंशतः पडलं, झोपडी गेली, गोठा गेला, प्रत्येकाला दर ठरलेला आहे. खारं पाणी जमिनीतून वर चढतं, भिंतीला पांढरा लोणा धरतो, गिलावा बोटाने खरवडला तरी पोपडे सुटतात, आणि विहिरीचं पाणी हळूहळू मचूळ होतं. या लोण्यासाठी पंचनाम्यात रकाना नाही.