कंडरातंतू
कंडरातंतू : स्नायू हाडाशी जोडणाऱ्या प्राण्यांच्या कंडरेपासून काढलेले, बांधणीचे चिवट धागे. हरिण, गुरे इत्यादींच्या कंडरा वाळवून ठेचल्या म्हणजे तंतू सुटे होतात. ते लाळेने वा पाण्याने भिजवून गुंडाळतात. वाळताना ते आकसल्याने बांधणी आवळली जाते आणि त्यांतील कोलॅजेनामुळे वेढे परस्परांस चिकटतात. गाठ मारावी लागत नाही. ओलाव्याने बांधणी सैल पडते, म्हणून तीवर राळेचा लेप देतात. इन्यूट लोकांच्या चामडी पोशाखांत मात्र हाच दोष उपयोगी ठरतो : भिजून फुगलेला धागा शिवणीची छिद्रे बुजवितो. हे तंतू कुजणारे असल्याने त्यांचे प्राचीन अवशेष क्वचितच मिळतात. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या, सु. ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘एट्सी’ या मानवाच्या भात्यात अपुऱ्या बाणांसोबत कंडरांची जुडी आढळली.