लोकसेवा भरतीतील पात्रताविषयक वाद

शासकीय पदासाठी अर्ज करणारा उमेदवार त्या पदाकरिता विहित केलेली शैक्षणिक अर्हता, वय, अनुभव, प्रवर्ग आणि अन्य अटी पूर्ण करतो की नाही, या प्रश्नावरून उद्भवणाऱ्या कायदेशीर तंट्यांना पात्रताविषयक वाद म्हणतात. असे वाद बहुधा भरती करणारी यंत्रणा आणि उमेदवार यांच्यात असतात. काही वेळा निवड झालेल्या उमेदवाराविरुद्ध निवड न झालेला उमेदवार दाद मागतो. भारतात या वादांतून गेल्या चार-पाच दशकांत न्यायनिर्णयांचा मोठा संग्रह तयार झाला आहे.

पात्रता आणि गुणवत्ता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पात्रता ही स्पर्धेत उतरण्याची अट होय. गुणवत्ता स्पर्धेनंतर ठरते. लेखी परीक्षेत पहिला आलेला उमेदवारही अपात्र असू शकतो, आणि या क्षेत्रातील अनेक कटू प्रकरणे नेमकी अशीच आहेत.

घटनात्मक आधार

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १६ नुसार सरकारी नोकरीच्या बाबतीत सर्व नागरिकांना समान संधी आहे. अनुच्छेद ३०९ खाली केंद्र व राज्य शासन सेवाप्रवेश नियम करतात आणि त्या नियमांत प्रत्येक पदाची अर्हता दिलेली असते. अनुच्छेद ३१५ अन्वये स्थापन झालेले लोकसेवा आयोग त्या नियमांनुसार परीक्षा व मुलाखती घेऊन शिफारस करतात. विद्यार्थ्यांचा येथे पुष्कळदा गैरसमज होतो. अर्हता ठरविण्याचा अधिकार शासनाचा असतो; ती अर्हता उमेदवाराकडे आहे की नाही हे तपासणे आयोगाचे काम असते.

जाहिरात आणि सेवाप्रवेश नियम यांत विसंगती आढळल्यास नियम श्रेष्ठ ठरतात. जाहिरातीतील चुकीमुळे एखाद्यास नियमबाह्य हक्क मिळत नाही, त्याचप्रमाणे नियमाने दिलेला हक्क जाहिरातीने हिरावूनही घेता येत नाही.

अर्ज न करणाऱ्याचा हक्क

न्यायालये पात्रतेच्या बाबतीत इतकी कठोर का असतात, याचे उत्तर १९९० च्या ‘जिल्हाधिकारी, विजयनगरम विरुद्ध एम. त्रिपुरसुंदरी देवी’ या निकालात सापडते. आंध्र प्रदेशातील एका निवासी शाळेत शिक्षकपदासाठी पदव्युत्तर परीक्षा द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण असण्याची अट होती; निवड झालेल्या उमेदवाराची श्रेणी तृतीय होती. निवड तर झालीच आहे, मग आता आक्षेप कशाला, असा प्रश्न सहज मनात येतो. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर सांगितले की हा प्रश्न केवळ नियुक्ती करणारा आणि नियुक्त होणारा या दोघांपुरता नाही. त्याच किंवा त्याहून अधिक योग्यतेच्या ज्या व्यक्तींनी जाहिरात वाचून, आपण अटीत बसत नाही म्हणून अर्जच केला नाही, त्या सर्वांवर अशा नियुक्तीने अन्याय होतो. जाहिरातीत एक अर्हता मागायची आणि त्याहून कमी अर्हतेच्या व्यक्तीस नेमायचे, ही जनतेची फसवणूक होय, असे न्यायालयाने म्हटले.

हा तिसरा पक्ष न्यायालयात कधीच उभा नसतो. त्याचे नाव कोणत्याही याचिकेत येत नाही. तरीही पुढील बहुतेक तत्त्वे त्याला डोळ्यांसमोर ठेवून घडली आहेत.

पात्रता कोणत्या दिनांकास असावी?

सर्वाधिक वाद या एका प्रश्नावर झाले आहेत. पदवीच्या अंतिम वर्षाची परीक्षा दिलेला विद्यार्थी अर्ज करतो, अर्जाची मुदत संपते आणि त्यानंतर निकाल लागून तो मुलाखतीपूर्वी उत्तीर्ण होतो. त्याला पात्र मानावे काय?

जम्मू-काश्मीरमधील कनिष्ठ अभियंत्यांच्या भरतीत हा प्रश्न उद्भवला. त्या भरतीतील ३३ उमेदवारांचा अभियांत्रिकीचा निकाल अर्जाच्या अंतिम दिनांकानंतर, परंतु मुलाखतीपूर्वी लागला होता. ‘अशोक कुमार शर्मा विरुद्ध चंदर शेखर’ या प्रकरणात १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने त्यांना मुलाखतीस बोलावणे योग्य ठरविले. निवडीचे क्षेत्र विस्तृत झाले तर सार्वजनिक हितच साधते, असा त्यामागील विचार होता. पुनर्विलोकनात १९९७ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ही भूमिका चुकीची ठरविली आणि पूर्वीच्या निकालातील अल्पमत हेच योग्य मत असल्याचे सांगितले. अंतिम दिनांकानंतर उत्तीर्ण होणाऱ्यांना सवलत मिळणार हे आधी ठाऊक असते, तर त्यांच्यासारख्या इतरांनीही अर्ज केले असते, हे त्याचे कारण होय. येथे पुन्हा तो अर्ज न करणारा उमेदवारच निर्णायक ठरला.

‘भूपिंदरपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य’ (२०००) या निकालात या तत्त्वाचा क्रम निश्चित झाला. सेवाप्रवेश नियमांत दिनांक दिला असेल तर तो. नियमांत नसेल तर जाहिरातीत दिलेला. आणि तेथेही नसेल तर अर्ज स्वीकारण्याचा अंतिम दिनांक. छाननीचा किंवा मुलाखतीचा दिवस धरता येत नाही, कारण तो आधी निश्चित नसतो व पुढेमागे करता येतो.

नियमांतच सवलत असेल तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेत पदवीच्या अंतिम वर्षास बसलेल्यांना पूर्व परीक्षा देता येते, मात्र मुख्य परीक्षेच्या अर्जाच्या अंतिम दिनांकापर्यंत पदवी मिळविणे आवश्यक असते. ही सवलत सर्वांना आधीच जाहीर केलेली असल्याने तीत कोणावर अन्याय होत नाही. पदवी कधी मिळाली हे पाहताना सर्वसाधारणपणे निकाल जाहीर झाल्याचा दिनांक विचारात घेतात, पदवीदान समारंभाचा नव्हे.

अर्हता आणि तिचा पुरावा

अर्हता असणे आणि तिचा कागद हाती असणे, हा भेद न्यायालयांनी काळजीपूर्वक जपला आहे. केरळमधील वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाबाबतच्या ‘चार्ल्स स्कारिया विरुद्ध डॉ. मॅथ्यू’ (१९८०) या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी, पदविका विहित दिनांकापूर्वी प्राप्त झालेली असणे हे मूलभूत आहे, तिचा पुरावा सादर करण्याची रीत मात्र दुय्यम आहे, असे स्पष्ट केले. ‘राम कुमार गिजरोया विरुद्ध दिल्ली अधीनस्थ सेवा निवड मंडळ’ (२०१६) या प्रकरणात इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र मुदतीनंतर सादर केलेल्या उमेदवारासही दिलासा मिळाला. जात जन्माने प्राप्त होते, प्रमाणपत्र तिची केवळ नोंद आहे, असा या विचारामागचा धागा आहे.

हा आधार सर्वत्र मिळतोच असे नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र विशिष्ट वित्तीय वर्षाच्या उत्पन्नावर दिले जाते. उत्पन्न दरवर्षी बदलते, त्यामुळे येथे कागदाचा दिनांक हा पात्रतेचाच भाग बनतो. २०२२ च्या नागरी सेवा परीक्षेतील काही उमेदवारांकडे विहित दिनांकापूर्वीचे योग्य प्रमाणपत्र नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्यांच्या याचिका फेटाळल्या. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राच्या मुदतीवरून होणारे तंटेही याच जातीचे आहेत. तहसील कार्यालयातून एखादा दाखला काही दिवस उशिरा मिळावा आणि त्यापायी अनेक वर्षांचा अभ्यास वाया जावा, हे कायद्याच्या दृष्टीने समर्थनीय असले तरी ज्याच्यावर बेतते त्याला ते पटणे कठीण असते.

उच्च अर्हता असणारा उमेदवार

पदविका मागितलेल्या पदासाठी पदवीधराने अर्ज केला तर? सर्वसामान्य माणसाच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे. कायद्याच्या दृष्टीने ते तसे नाही. ‘ज्योती के. के. विरुद्ध केरळ लोकसेवा आयोग’ (२०१०) या निकालात विद्युत विभागातील उपअभियंता पदासाठी अभियांत्रिकी पदवीधर पात्र ठरले. उच्च अर्हतेत खालची अर्हता गृहीत धरावी, असा नियमच केरळच्या सेवानियमांत होता. असा नियम नसलेल्या जम्मू-काश्मीरमधील तंत्रज्ञ भरतीत मात्र २०१८ साली उलट निर्णय झाला. मॅट्रिकसह आयटीआय प्रमाणपत्र मागितले असताना पदविकाधारकांना पात्र मानता येणार नाही, असे ‘झहूर अहमद राथर’ प्रकरणात ठरले. कोणत्या पदावर कोणत्या थरातील उमेदवारांना संधी द्यावी, हे ठरविताना शासन सामाजिक विचारही करू शकते, हे न्यायालयाने मान्य केले.

यातील टोकाचे उदाहरण पंजाब नॅशनल बँकेच्या शिपाई भरतीचे आहे. उमेदवार १२वी उत्तीर्ण असावा, पण पदवीधर नसावा, अशी अट होती. ओडिशातील एका उमेदवाराने आपली पदवी लपवून नोकरी मिळविली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेची बाजू उचलून धरली. अधिक शिकणे हा दोष नव्हे. परंतु अर्जात माहिती दडविणे हा दोष आहे, आणि अट मान्य नसेल तर तिला आधीच आव्हान द्यावयास हवे होते.

अनुभव व समकक्षता

महाराष्ट्रातील या विषयावरील महत्त्वाचा निकाल ‘महाराष्ट्र लोकसेवा आयोग विरुद्ध संदीप श्रीराम वराडे’ (२०१९) हा होय. औषध निरीक्षक व सहायक आयुक्त (औषधे) या पदांसाठी औषधांच्या निर्मितीचा किंवा चाचणीचा प्रत्यक्ष अनुभव आवश्यक होता. संशोधन प्रयोगशाळेतील अनुभव असल्यास प्राधान्य, असेही जाहिरातीत म्हटले होते. केवळ संशोधनाचा अनुभव असलेल्यांनी आपणही पात्र आहोत असा दावा केला. सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. आवश्यक अर्हता पूर्ण करणाऱ्यांमध्येच प्राधान्याचा प्रश्न येतो. प्राधान्याची अट अपात्रास पात्र करू शकत नाही. पदासाठी कोणती अर्हता हवी हे नियोक्त्याने ठरवायचे असते, आणि अर्थ लावण्याच्या नावाखाली न्यायालयाने जाहिरात नव्याने लिहावयाची नसते, असा दंडक या निकालाने घातला. दोन पदव्या समकक्ष आहेत की नाहीत, हा प्रश्नही मुख्यतः तज्ज्ञांचा मानला जातो.

शिक्षकांची पात्रता

प्राथमिक शिक्षकपदासाठी बी.एड. चालेल काय, हा वाद लक्षावधी तरुणांच्या जिव्हाळ्याचा ठरला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने बी.एड. धारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरविले होते. ‘देवेश शर्मा’ प्रकरणात ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अधिसूचना रद्द झाल्यावर शिक्कामोर्तब केले. बी.एड. मधील प्रशिक्षण मोठ्या मुलांना शिकविण्याचे आहे, लहान मुलांच्या अध्यापनाची तयारी डी.एल.एड. मध्ये होते, आणि शिक्षणाच्या मूलभूत हक्कात गुणवत्ताही अंतर्भूत आहे, ही त्याची कारणे होती. ज्याने पहिलीच्या वर्गात एक दिवस तरी काढला आहे, त्याला यातील पहिले कारण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पुढे १ सप्टेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्रातून गेलेल्या अपिलांसह झालेल्या निकालात, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होण्यास सांगण्यात आले. नियुक्तीच्या वेळी जी अट नव्हती ती सेवेच्या उत्तरार्धात लागू व्हावी काय, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला.

जातवैधता

राखीव पदावरील पात्रतेचा वाद महाराष्ट्रात विशेष तीव्र आहे. ‘माधुरी पाटील’ प्रकरणात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने जात पडताळणी समित्यांची कार्यपद्धती घालून दिली. पुढे राज्याने त्यासाठी स्वतंत्र अधिनियम केला, तो १८ ऑक्टोबर २००१ पासून अमलात आहे. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध मिलिंद’ या निकालात घटनापीठाने २००० साली हलबा कोष्टी हे हलबा अनुसूचित जमातीत मोडत नाहीत असे ठरविले, परंतु तोवर अंतिम झालेले प्रवेश व नियुक्त्या यांना धक्का लावला नाही. या संरक्षणाचा आधार घेत दावा अवैध ठरलेले अनेक कर्मचारी वर्षानुवर्षे सेवेत राहिले.

‘भारतीय खाद्य निगम विरुद्ध जगदीश बहिरा’ (६ जुलै २०१७) या निकालाने ही वाट बंद केली. दावा अवैध ठरल्यावर त्यावर मिळालेला लाभ जातो; त्यासाठी फसवणुकीचा हेतू सिद्ध होण्याची गरज नाही. ती जागा ज्या खऱ्या आदिवासी उमेदवारास मिळावयास हवी होती, त्याचा विचार येथे निर्णायक ठरला. दीर्घ सेवा झालेल्या कुटुंबांपुढे यामुळे मोठे संकट उभे राहिले. राज्य शासनाने २१ डिसेंबर २०१९ च्या निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना ११ महिन्यांसाठी अधिसंख्य पदांवर वर्ग करण्याचा मार्ग काढला, आणि त्यातून वेतनवाढ व निवृत्तिवेतनाचे नवे तंटे सुरू झाले.

अन्य अटी

महाराष्ट्रात लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाचे नियम २००५ पासून लागू असून २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे अपत्यसंख्या दोनपेक्षा अधिक झाल्यास उमेदवार अपात्र ठरतो. फौजदारी प्रकरणाची माहिती दडविल्यास काय करावे, याचे निकष ‘अवतार सिंग’ निकालात (२०१६) दिले आहेत. २०२२ च्या पोलीस भरतीत तृतीयपंथी उमेदवारांसाठी अर्जात रकानाच नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर तो उपलब्ध झाला.

प्रक्रिया सुरू झाल्यावर बदल

राजस्थान उच्च न्यायालयाच्या अनुवादक पदांच्या भरतीत १३ जागा होत्या. परीक्षा झाल्यानंतर किमान ७५ टक्के गुणांची अट लावण्यात आली आणि केवळ तिघे उत्तीर्ण ठरले. ‘तेज प्रकाश पाठक’ या नावाने ओळखला जाणारा हा वाद अखेर घटनापीठापुढे गेला. जाहिरातीने सुरू झालेल्या प्रक्रियेत, नियमांनी किंवा जाहिरातीने तशी मुभा दिली नसेल तर, पात्रतेचे निकष मध्येच बदलता येत नाहीत, असा निर्णय ७ नोव्हेंबर २०२४ रोजी झाला. परवानगी असली तरी तो बदल मनमानी नसावा लागतो.

दाद कोठे मागावी?

राज्य शासनाच्या पदांबाबत प्रथम महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे (मॅट) मूळ अर्ज करावा लागतो. त्याचे मुख्य पीठ मुंबईत असून नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे खंडपीठे आहेत. केंद्रीय सेवांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. ‘एल. चंद्र कुमार’ निकालानंतर (१९९७) न्यायाधिकरणाच्या निर्णयास उच्च न्यायालयाच्या विभागीय खंडपीठापुढे आव्हान देता येते. जिल्हा परिषदेच्या पदांबाबत मात्र थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते.

न्यायाधिकरणात जाण्याची मुदत साधारणतः आदेशापासून एक वर्षाची असते, पण व्यवहारात एवढी वाट पाहणे घातक ठरते. तोवर नियुक्त्या होऊन जातात. ज्या अटीला हरकत आहे तिच्याविरुद्ध परीक्षेपूर्वीच दाद मागणे इष्ट असते. ‘मदन लाल विरुद्ध जम्मू-काश्मीर राज्य’ (१९९५) या निकालापासून न्यायालये सातत्याने सांगत आली आहेत की निवडप्रक्रियेत विनातक्रार भाग घेऊन, यादीत नाव न आल्यावर त्या प्रक्रियेलाच सदोष म्हणणाऱ्या उमेदवाराचे म्हणणे ऐकले जाणार नाही.