वय अधिक शंभर

परभणीत वसमत रोडवरच्या आमच्या डॉक्टरांनी या वर्षी दवाखाना कायमचा बंद केला. पाऱ्याच्या यंत्राने बीपी बघणाऱ्या पिढीतले ते जवळजवळ शेवटचे. भारताने २०१८ साली पाऱ्याविषयीचा मिनामाता करार मान्य केला आणि ती यंत्रं हळूहळू मोडीत निघाली. पारा विषारी, तो गेला ते बरंच झालं. त्याबरोबर बीपी बघायची रीतही गेली, ते मात्र बरं झालं नाही.

तसं पाहिलं तर महाराष्ट्राला या विषयात जुना मान आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाला औषध मिळालं. पुढची चाळीसेक वर्षं परभणीपुरती तरी सांगण्यासारखी नाहीत. बीपी हा शहरातल्या, खुर्चीत बसणाऱ्या माणसांचा आजार, अशी इथल्या शेतकऱ्याची समजूत होती.

नव्वदचं दशक मात्र मला विसरता येत नाही. तेव्हा एक हिशेब सगळ्यांना तोंडपाठ होता: वय अधिक शंभर. साठीच्या माणसाचं वरचं १६० भरलं, की ‘वयाच्या मानाने ठीक’ म्हणून त्याला घरी पाठवत. शिकलेली माणसंसुद्धा पारावर हेच सांगत. खरं तर १९९१ सालीच अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने हा हिशेब निकालात काढला होता. साठीपुढच्या ४,७३६ लोकांवर ती झाली. सगळ्यांचं वरचं १६० किंवा त्याहून जास्त, खालचं मात्र नव्वदच्या आत. साध्या, स्वस्त लघवीच्या गोळीपासून उपचार सुरू केले, तर लकव्याचं प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. ही बातमी जिंतूर-पालमच्या ओसऱ्यांवर पोचेपर्यंत तिथे किती खाटा पडल्या, ते कुणी मोजलं नाही. ‘डोकं दुखत नाही, मग बीपी कुठलं?’ आणि ‘गोळी एकदा लागली की सुटत नाही’ ही त्याच हिशेबाची भावंडं. मनगटात चुंबकी कडं घालून भाकरीबरोबर मिठाचा खडा चावणारी माणसं मी त्याच काळात पाहिली.

पण त्याच दशकात आमचे डॉक्टर पेशंटला आधी बाकावर गप्प बसवत. तोंडातली तंबाखू थुंकायला लावत, चहा पिऊन आलेल्याला अर्धा तास थांबवत. मग बाही वर करून, दंड छातीच्या पातळीला टेबलावर ठेवून पट्टा बांधत आणि पारा सावकाश खाली सोडत. चक्कर येते म्हणणाऱ्याचं उभं करून पुन्हा बघत.

पुढच्या वर्षांत आकडेच खाली सरकत गेले. २०१७ साली अमेरिकेने १३०/८० लाच उच्च रक्तदाब म्हटलं, २०२४ साली युरोपने १२०/७० पासूनच वाढलेला रक्तदाब धरला. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात रेषा १४०/९० वरच आहे. त्याच २०१७ मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातून आधी भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग घेतले. त्यात मराठवाड्यातला एकही जिल्हा नव्हता. आम्हाला याची सवय आहे.

आता चौकाचौकात शिबिरं आहेत. माणूस उन्हातून येतो, बोलता बोलता शर्टावरूनच पट्टा बांधून घेतो, हात लोंबकळत असतो, यंत्र १५८ दाखवतं आणि तो घाबरून घरी जातो. दंडाला पट्टा लहान पडला तरी आकडा वाढतो, हे त्याला कुणी सांगत नाही. उलट मे महिन्यात परभणी ४४ अंशांवर तापते, घामाने बीपी उतरतं, चक्कर येते आणि लोक मनानेच गोळी सोडतात. थंडीत ते पुन्हा चढतं, पण तोवर गोळीची आठवण कुणाला राहिलेली नसते.

तेव्हा एका आकड्यावर भिऊ नका आणि एका आकड्यावर खूशही होऊ नका. घरी दंडाचं यंत्र असेल तर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून, दोन-दोनदा मोजा आणि वहीत लिहा. सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी कमी करायची की बंद, ते त्यांना ठरवू द्या.