नऊ तारखेची प्रिलिम

दिवाळीला गावी गेलेली पोरं परतली आहेत. पुण्यातल्या नव्या पेठेतल्या या अभ्यासिकेत संध्याकाळी सातला एकही खुर्ची रिकामी नाही, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत आला आहे. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा खरं तर २८ सप्टेंबरला व्हायची होती. मराठवाड्यात पुरानं गावं वेढली आणि ती ९ नोव्हेंबर २०२५ वर गेली.

खाली चहाच्या टपरीशी धाराशिव जिल्ह्यातली एक मुलगी फोनवर बोलते आहे. परीक्षा पुढे ढकलणाऱ्या त्याच पावसानं तिच्या वडलांचं सोयाबीन नेलं. हाती लागलं ते काळं पडलेलं. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, पण डागी मालाला तो देणार कोण?

"आप्पा, त्यांना सांगा ना, नऊ तारखेला प्रिलिम आहे." पलीकडून काहीतरी विचारलं जातं. "मग निकाल. मग मेन्स. मग मुलाखत... नाही आप्पा, तारीख नाही सांगता येत."

स्थळ लातूरचं आहे, मुलगा शिक्षक. त्यांना मार्गशीर्षात उरकायचंय. फोन ठेवून ती मला म्हणते, "नाही म्हणायला मी भीत नाही हो. पण किती दिवस थांबा, हे तरी सांगता यायला पाहिजे ना?"

तिच्याच बॅचचा बीडचा मुलगा कप हातात घेऊन ऐकतो आहे. त्याचा पेच वेगळा. हा फॉर्म त्यानं मराठा समाजाच्या एसईबीसी प्रवर्गातून भरलाय. फेब्रुवारी २०२४ च्या कायद्यानं मिळालेलं ते १० टक्के आरक्षण कोर्टात आहे. इकडे २ सप्टेंबर २०२५ ला मराठवाड्यातल्या मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटचा जीआर निघाल्यापासून चुलते मागे लागलेत, कुणबी दाखला काढ म्हणून. आधीचा, २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०२१ ला रद्द केला, तेव्हा गावातला एक दादा निवड होऊनही नियुक्तीविना घरी बसलेला यानं पाहिलाय. "अभ्यास माझ्या हातात आहे," तो म्हणतो. "पुढच्या फॉर्मला कुठल्या रकान्यात टिक करायची, ते कुणाला विचारू?"

मी त्याच्यासोबत वर जातो. त्याच्या टेबलावर डाव्या बाजूला जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा आहे, कोपरे मऊ पडलेले. उजवीकडे रेघांची कोरी वही. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक आहे, लेखी १,७५० गुणांची. हा बदल २०२३ पासूनच व्हायचा होता, पोरं अलका चौकात रस्त्यावर बसली तेव्हा २०२५ वर गेला. चार पर्यायांतून उत्तर हेरण्यात ज्याची वर्षं गेली, तो आता पानभर लिहायला शिकतो आहे. मधल्या बोटावर पेनाचा घट्टा उठलाय. दाखवताना तो लाजतो.

"प्लॅन बी ठेवा" असं या मुलांना येताजाता सांगणारे पुष्कळ भेटतात. मला त्याचा राग येतो. बी प्लॅन सगळ्यांकडे आहे: तलाठी, सरळसेवा, बँक. पण ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यसेवेची प्रिलिम आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी आल्या होत्या. पोरं रात्रंदिवस रस्त्यावर बसली, तेव्हा कुठे प्रिलिम पुढे गेली. ठरलेल्या तारखेला परीक्षा घ्या, वेळेत निकाल लावा, निवड झालेल्याला रुजू करून घ्या, एवढंच ही मुलं मागताहेत. लग्न कधी, वडलांचं ऑपरेशन कधी, धाकट्या भावाला कुठल्या कॉलेजात घालायचं, हे सगळं त्या तारखांना बांधलेलं आहे.

धाराशिवची मुलगीही वर आली आहे. अभ्यासिकेचे काका पावतीपुस्तक उघडतात. महिन्याचे बाराशे, तीन महिन्यांचे एकदम भरले तर तीन हजार.

"काय करू ताई, एक का तीन?"

ती मोबाइलवर शिल्लक बघते, मग पुन्हा वडलांना फोन लावते. "आप्पा, लातूरच्यांना सांगा, मुलाला मला भेटायचंय. पुण्याला येऊ दे, दहा तारखेला. मी त्यालाच विचारते, थांबतो का." आणि काकांकडे वळून, "एकच लिहा."