बाळमित्र ते बोक्या : मराठी बालवाङ्मयातील ठरीव पात्रांचा मागोवा

शाळकरी वाचकांसाठी लिहिलेल्या वाङ्मयात पात्रे फार नसतात. पण जी असतात ती वेष पालटून पिढ्यान्‌पिढ्या परत येत राहतात. आईबापांच्या शब्दाबाहेर न जाणारा सुपुत्र, घरादाराला जेरीस आणणारे खोडकर पोर, परक्या उंबरठ्यावर वाढणारा पोरका, दारिद्र्याशी झगडत परीक्षा देणारा होतकरू विद्यार्थी, हातात छडी आणि अंतःकरणात माया बाळगणारे मास्तर, लबाड कोल्हा, बुद्धीने मंद पण देहाने अचाट राक्षस, एवढी मंडळी उभी केली की बालवाङ्मयाचा दरबार बहुतेक भरतो. या ठरीवपणाला नावे ठेवण्याचे कारण नाही, कारण ज्याला अजून माणसे ओळखावयाची आहेत त्याला प्रथम ठळक रेषांचीच माणसे दाखवावी लागतात. विचार करण्यासारखी गोष्ट निराळी आहे. पात्रे तीच राहिली, परंतु लेखकाच्या मनातील त्यांच्या जागा मात्र दोनशे वर्षांत एकसारख्या बदलत गेल्या. आणि त्या कशा बदलल्या हे पाहू लागले की मुले कशी होती यापेक्षा मोठ्या माणसांना ती कशी हवी होती, याचाच इतिहास अधिक स्पष्टपणे उलगडू लागतो.

मुद्रणयंत्र येण्यापूर्वी हा कारभार कीर्तनकार, पुराणिक आणि आजी यांच्या हाती होता. देवळातील कीर्तनात भेटणारी बालके म्हणजे ध्रुव, प्रल्हाद, श्रावणबाळ आणि श्रीधराच्या ‘शिवलीलामृता’तील चिलया, ही सारी मुले निष्ठेच्या पायी छळ सोसणारी, अपमान गिळणारी, प्रसंगी प्राणही देणारी, आणि म्हणूनच वंद्य. माजघरात मात्र आजीच्या तोंडून निराळीच सृष्टी अवतरत असे. तेथे शेणाच्या घरातला कावळा पावसात निराधार होई, मेणाच्या घरातली चिमणी दार उघडण्यास विलंब लावी, आणि भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी वाघालाही चकवी. देवळातील मूल सोसून जिंकत असे आणि माजघरातील दुबळा जीव युक्तीने जिंकत असे. पुढील मराठी बालवाङ्मयात या दोन परंपरांपैकी पहिली दीर्घकाळ अग्रमानाची मानकरी ठरली आणि दुसरीला आपला हक्क मिळण्यास शतकाहून अधिक काळ वाट पाहावी लागली.

इंग्रजी अंमल स्थिरावल्यावर मुंबईत शाळाखात्याच्या गरजेपोटी मराठी पुस्तके सिद्ध होऊ लागली, तेव्हा त्या कामात अग्रभागी असलेले सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 1828 च्या सुमारास इसापाच्या नीतिकथा आणि ‘बाळमित्र’ अशी दोन पुस्तके मराठीत आणली. ‘बाळमित्र’ हे बर्क्विन या फ्रेंच लेखकाच्या, मुलांचा मित्र म्हणून युरोपभर गाजलेल्या ग्रंथाचे इंग्रजीवरून केलेले रूपांतर होय. त्यातील मुले परदेशी संस्कृतीत वाढलेली असली तरी त्यांचा स्वभावधर्म आमच्या शाळामास्तरांना तत्काळ पसंत पडण्याजोगा होता. एक मूल खरे बोलणारे आणि एक खोटे बोलणारे, एक उद्योगी आणि एक आळशी, एक दयाळू आणि एक आपमतलबी, अशा जोड्या लावावयाच्या आणि गोष्टीच्या अखेरीस एकाला बक्षीस व दुसऱ्याला पश्चात्ताप वाटून द्यावयाचा, असा या प्रकारच्या कथांचा शिरस्ता असे. खोडकर मुलाला येथे जागा आहे, पण ती आरोपीची. त्याची कैफियत ऐकून घेण्याची तजवीज या न्यायासनापुढे नाही. लेखक न्यायाधीश, वाचक साक्षीदार आणि कथा म्हणजे फैसला, अशी ही व्यवस्था क्रमिक पुस्तकांच्या आश्रयाने पुढे दोन-तीन पिढ्या निर्वेधपणे चालू राहिली.

तिच्यात पहिला महत्त्वाचा पालट घडविला तो विनायक कोंडदेव ओक यांनी. 1881 साली त्यांनी ‘बालबोध’ हे मासिक काढले आणि 1914 साली देह ठेवीपर्यंत ते निष्ठेने चालविले. थोर पुरुषांची चरित्रे हे त्या मासिकाचे ठळक अंग असल्यामुळे नीतिकथेतील निनावी सद्गुणी बाळाच्या जागी आता नावागावाचा, जन्मसालासह सांगता येण्याजोगा होतकरू विद्यार्थी येऊन बसला. वार लावून जेवणारा, उसन्या पुस्तकावर अभ्यास करणारा, परीक्षेसाठी मैलोगणती पायपीट करणारा हा मुलगा काही केवळ लेखणीची निर्मिती नव्हता. मुरूडहून डोंगरघाट ओलांडून साताऱ्याला सरकारी परीक्षेसाठी चालत गेलेले आणि वयाने लहान दिसतात या सबबीवर परत पाठविले गेलेले धोंडो केशव कर्वे यांनी ती हकीकत पुढे ‘आत्मवृत्ता’त लिहिली, आणि तिच्या आधारावर कित्येक पिढ्यांना चिकाटीचा धडा देण्यात आला. नोकरी, प्रतिष्ठा आणि समाजसेवा या तिन्ही वाटा ज्या काळी एका परीक्षेच्या दारातूनच जात होत्या, त्या काळाचा हा नायक होता. 1906 मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ सुरू केले तेव्हा रंजनाला अधिक मोकळीक मिळाली खरी. पण खोडी काढणाऱ्या मुलाची आरोपीच्या पिंजऱ्यातून सुटका अजून व्हावयाची होती.

ती सुटका एका तुरुंगात लिहिलेल्या पुस्तकाने केली हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या कारागृहात लिहिलेली आणि 1935 साली प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ ही आदर्श आईची कथा म्हणून वाचली जाते, आणि तसे वाचण्यात गैर काही नाही. तथापि बालपात्रांच्या इतिहासात तिचे जे स्थान आहे ते आईइतकेच श्याममुळे आहे. श्याम भित्रा आहे, पोहावयास जाण्याचे टाळण्यासाठी लपून बसणारा आहे, हट्टी आहे, लाजाळू आहे. आणि या साऱ्या उणिवा दुसरा कोणी त्याच्यावर आरोप म्हणून ठेवीत नाही, तर मोठा झालेला श्याम स्वतःच आश्रमातील मित्रांपुढे रात्रीमागून रात्री आपली जबानी देत जातो. जो आतापर्यंत आरोपी होता तोच निवेदक झाल्याबरोबर शिक्षेचा अर्थ पालटला. आईने मारलेल्या फोकाचा वळ तोच राहिला, पण त्याच्या मागचे आईचे रडे आता वाचकाला ऐकू येऊ लागले. गुरुजींच्या भाबडेपणाची आणि अश्रूंची पुढे यथेच्छ थट्टा झाली, आणि त्यांच्या अनुकरणाने निर्माण झालेल्या सोशिक माउल्यांची व पाणावलेल्या डोळ्यांच्या बाळांची जी रांग लागली तिला पाहता ती थट्टा सर्वस्वी अनाठायी होती असेही म्हणवत नाही. परंतु चुकणाऱ्या मुलाला आत्मकथनाचा अधिकार प्रथम मिळाला तो श्यामच्या रूपाने, हे त्या थट्टेच्या भरात विसरले जाते.

त्याच दशकांत घरातील मुलाची प्रतिमा आणखी दोन दिशांनी मोकळी होत होती. आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’तील, आपल्या कामाचे बिल करून आईपुढे ठेवणारा दिनू अखेरीस ओशाळतो हे खरे, पण आईशी हिशेब मांडण्याचे जे धाडस तो करतो ते त्याच्या आजोबांच्या वाचनातील कोणत्याही बाळाला सुचले नसते. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या तर त्याही पुढे गेला. पोरका मुलगा हे कथावाङ्मयातील अत्यंत जुने आणि हमखास करुणा उत्पन्न करणारे पात्र. ताम्हनकरांनी त्याला परक्या घरी आश्रयाला आणले, परंतु वाचकाच्या दयेचा याचक होऊ दिले नाही. हुशारी, निर्मळ मिस्कीलपणा आणि अडचणीतून वाट काढण्याची हातोटी यांच्या बळावर गोट्या त्या घरात कृपेने राहिलेला आश्रित न उरता घराचा हक्काचा घटक होतो, आणि मुलाचे चांगुलपण आज्ञापालनाहून वेगळ्या मार्गानेही सिद्ध होऊ शकते ही गोष्ट मराठी वाचकांना प्रथमच इतक्या हसतमुखाने पटते.

मुलगा असा बदलत असता मास्तर जागच्या जागी राहणे शक्य नव्हते. जुन्या पंतोजीच्या मुद्रेत भय हेच मुख्य लक्षण होते. अमळनेरच्या शाळेत शिकविणाऱ्या आणि वसतिगृहातील मुलांसाठी हाताने दैनिक लिहून काढणाऱ्या साने गुरुजींनी आपल्या प्रत्यक्ष जीवनातूनच त्या मुद्रेवर मायेची छटा चढविली. पु. ल. देशपांड्यांनी ‘व्यक्ती आणि वल्ली’मध्ये चितळे मास्तर उभे केले तोवर तो मास्तर काळाआड जाऊ लागला होता, म्हणूनच त्या चित्रात विनोद आणि वियोग यांचे इतके हृद्य मिश्रण झाले आहे. त्याच पुस्तकातील सखाराम गटणे हा तर ‘बालबोध’काळच्या होतकरू विद्यार्थ्याचा दूरचा वारस. छापील भाषेत बोलणाऱ्या, साहित्यिकांना दैवत मानणाऱ्या या मुलाकडे पाहून जो समाज एके काळी मस्तक लवविता, तोच आता प्रेमाने हसू लागला. आदर्शाचे रूपांतर वल्लीत झाले की त्याचे युग संपले असे खुशाल समजावे. ही पात्रे मुलांसाठी लिहिलेली नव्हती, परंतु शाळकरी वाचकांनी ती आपलीशी केली.

स्वातंत्र्योत्तर काळात भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे सायकलवरून सुसाट आला, आणि या मागोव्यातील सर्वांत मोठे स्थित्यंतर त्याच्याबरोबर आले. फुरसुंगीचा हा हडकुळा पोर पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, पण त्याचे खरे आयुष्य शाळेच्या भिंतींबाहेर घडते. प्रतापगडापासून गुलमर्गपर्यंत जेथे जावे तेथे त्याच्यासाठी काहीतरी गूढ वाट पाहत असते, आणि मोठी माणसे चौकशीचे कागद चाळीत बसतात तोवर हा संकटात उडी घेऊन मोकळा झालेला असतो. आधीच्या मुलांची अंगभूत अस्वस्थता हा वळण लावून दूर करावयाचा दोष होता. भागवतांनी त्याच अस्वस्थतेला काम दिले आणि ती गुण ठरली. जूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या या लेखकाला साहसकथेची घडण पुरती अवगत होती, तरीही वीस पुस्तकांचा हा नायक आयात केलेला वाटत नाही, कारण त्याची बोली, त्याची फजिती आणि त्याचा भाबडा बाणेदारपणा ही अस्सल येथली आहेत. माजघरातील गोष्टींमधला, युक्तीने वाघाला चकविणारा दुबळा जीवच येथे खाकी चड्डी घालून परतला, असे म्हणावयास हरकत नाही.

रंगभूमीवर हीच मोकळीक खलपात्रांच्या वाट्याला आली. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधील चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी अशी रंगविली की ज्या पात्राचे भय वाटावयाचे त्याच्या प्रवेशाची मुले वाट पाहू लागली. पुढे याच प्रभावळकरांनी ‘बोक्या सातबंडे’ लिहिला, आणि त्याला 2011 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार लाभला. बोक्याच्या खोड्या परोपकारातून उद्भवतात. ज्या उपद्व्यापाबद्दल ‘बाळमित्रा’च्या काळात त्याला शासन झाले असते, त्याच उपद्व्यापाला साहित्याच्या राष्ट्रीय दरबारातून सन्मानाची सनद मिळाली, इतके अंतर आपण पावणेदोनशे वर्षांत चाललो.

येथवर जी नावे आली ती मुलग्यांची आहेत, ही गोष्ट चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आली असेलच. ती माझ्या निवडीची उणीव नसून या दप्तराचीच आहे. मुलीला बालकथेत प्रवेश होता तो बहुधा धाकटी बहीण, भातुकलीतील गृहिणी किंवा राक्षसाच्या कैदेतील राजकन्या म्हणून. ताम्हनकरांची चिंगी ठसक्याने वावरली, माधुरी पुरंदऱ्यांच्या राधाने अलीकडे आपल्या घराकडे आणि माणसांकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. पण फेण्याच्या तोडीची कीर्ती मिळालेली मुलगी मराठी बालवाङ्मयाला अजून दाखविता येत नाही. आणि ही उणीव अधिक बोचते ती एका ऐतिहासिक दाखल्यामुळे. 1855 साली जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील अल्पवयीन विद्यार्थिनीने मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. धर्माला जाब विचारणारी शाळकरी मुलगी वास्तवात अवतरली होती, तिचे शब्द छापले गेले होते. तरी कथालेखक त्यानंतर शंभर वर्षे सुशील कन्याच रेखाटीत बसले.

यावरून एक निष्कर्ष निघतो तो असा की, बालवाङ्मयातील ठरीव पात्रे ही मुलांच्या प्रत्यक्ष जीवनामागून, आणि पुष्कळदा फार उशिरा, चालत येतात. खोडकर मुले सर्व काळी होती, त्यांना कथेत मान मिळण्यास शतक लागले. जाब विचारणारी मुलगी होती, तिला अद्याप पुरती जागा मिळालेली नाही. ल. म. कडू यांच्या ‘खारीच्या वाटा’सारख्या लेखनातून खेड्यातील बालपण अलीकडे जवळून दिसले हे स्वागतार्ह आहे, पण ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर गाव सोडणारी, अर्धे वर्ष शाळेबाहेर राहून धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी महाराष्ट्रात आहे, आणि तिच्या नावाने ओळखली जाणारी कथामालिका मात्र रूढ झालेली नाही. तिला करुणेचा विषय करणारा लेखक सहज मिळेल. श्यामला मिळालेली जबानी, गोट्याला मिळालेला हक्क आणि फेण्याला मिळालेली मोहीम तिला देणारा लेखक मिळेल तेव्हा मराठी बालवाङ्मयात खरे नवे पात्र आले असे म्हणता येईल.